म्हणीखाली कुणाचं नाव?

सकाळच्या शुभेच्छांच्या गर्दीत हा फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. मावळता सूर्य, छत्रीसारखं पसरलेलं झाड, झाडाखाली सिंहाची काळी आकृती. वर मोठ्या अक्षरात : 'लवकर पोचायचं असेल तर एकटे निघा, लांब पोचायचं असेल तर सोबतीनं निघा.' आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात : 'आफ्रिकन म्हण'.

माझं त्या म्हणीशी भांडण नाही, खालच्या दोन शब्दांशी आहे. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि भाषा दोन हजारांच्या आसपास. त्यातल्या कुठल्या भाषेतली ही म्हण? अभ्यासकांनी शोध घेतला, पण नेमकं मूळ सापडलेलं नाही. उलटं करून बघा. 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण लागोसमधल्या एखाद्या मुलीच्या फोनवर हिमालयाच्या फोटोसकट गेली आणि खाली लिहिलेलं असलं, 'आशियाई म्हण'. त्यात झोपा म्हणजे गोठ्याचं दार हे नाही, गोठा नाही, बैल हरवल्यावर शेतकऱ्याचं काय होतं तेही नाही. म्हण पोचली, पण ती ज्यांची होती ती माणसं वाटेतच गळाली.

आता नाव-गाव असलेली एक म्हण घ्या. स्वाहिली भाषेत म्हणतात, 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा'. थोडं थोडं करून किबाबा भरतो. किबाबा म्हणजे धान्य मोजायचं माप, आपल्याकडे पायली-शेर होते तसं. हे कळलं की त्या म्हणीत लगेच एक दुकान दिसतं, समोर गिऱ्हाईक आणि हातात माप. आपण 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतो, कारण आपला जीव पाण्यात अडकलेला. आशय एकच, पण तिथला माणूस धान्य मोजतोय आणि इथला पाणी.

आणि स्वाहिली आपल्याला वाटते तितकी परकी नाही. पैशाला तिथे 'पेसा' म्हणतात, गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी'. आपल्याकडे यूपीआय २०१६ मध्ये आलं. केनियात साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय २००७ मध्येच सुरू झाली होती आणि तिचं नाव 'एम-पेसा'. त्यातला पेसा आपलाच. अरबी समुद्रातून शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती. कापड, हस्तिदंत, मसाले आले-गेले, तसे शब्दही आले-गेले. आणि माणसंही आली. सगळी आपल्या मर्जीनं आली असं नाही.

मी जालना जिल्ह्यातला, बदनापूर तालुक्यातला. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगाला मोसंबीच्या बागा आहेत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, बाजारात ती जालन्याच्या नावानं ओळखली जाते. पण 'मोसंबी' हा शब्द मोझांबिकवरून आला असं मानतात. मोझांबिक हे नाव तिथल्या एका बेटावरून पडलं, आणि बेटाचं नाव मुसा बिन बिक नावाच्या माणसावरून, असं सांगतात. म्हणजे माझा बाप २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जी झाडं जगवायला धडपडत होता, त्यांच्या नावात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एक माणूस होता. बाग गेली. नाव राहिलं.

आफ्रिकेच्या म्हणींचा मला नाद लागला तो सिंहाच्या म्हणीपासून. चिनुआ अचेबे हा नायजेरियाचा मोठा कादंबरीकार. १९९४ साली छापून आलेल्या एका मुलाखतीत त्यानं ही म्हण सांगितली आणि ती जगभर पसरली. तिचा आशय असा : सिंहांचे स्वतःचे इतिहासकार होत नाहीत तोवर शिकारीच्या गोष्टीत शिकाऱ्याचाच जयजयकार असणार. हे वाचलं तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरला एम.ए. करत होतो. सिंह कोण आणि शिकारी कोण, हे शोधायला मला आफ्रिकेत जावं लागलं नाही. राहत होतो ते शहरच त्या गोष्टीतलं होतं.

शहर वसवणारा मलिक अंबर. साधारण १५४८ साली आजच्या इथियोपियात जन्मलेला. तेव्हा तिथे ख्रिस्ती राजे आणि मुस्लिम सुलतान यांच्यातल्या लढायांनी मुलुख उद्ध्वस्त झाला होता आणि पकडलेली माणसं गुलामांच्या बाजारात जात होती. इतिहासकार त्याचं मूळ नाव चापू असं देतात. तो येमेनमधल्या मोखा बंदरात विकला गेला, बगदादला पोचला. तिथल्या मालकानं त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि नवं नाव दिलं : अंबर.

आपल्याला अंबर म्हटलं की आभाळ आठवतं. हे अंबर वेगळं. अरबीत तो एक महाग सुगंधी पदार्थ आहे, देवमाशाच्या पोटात तयार होणारा. गुलामांना अशी नावं द्यायची रीतच होती. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, मरजान म्हणजे पोवळं. विकत घेतलेल्या वस्तूला वस्तूचंच नाव.

पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं, आणि हा चंगीझखान स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला. काही काळ विजापूरकडे राहिला, परत आला, थोडे घोडेस्वार जमवले. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला तेव्हा निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं होतं. अंबरनं घराण्यातला एक वारस गादीवर बसवला आणि पुढची २६ वर्षं राज्य चालवलं. १६१० मध्ये त्यानं खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. त्या नहर-ए-अंबरीचे अवशेष आजही आहेत. जमिनीची प्रत आणि पीक बघून सारा ठरवायची त्याची पद्धत इतकी मुरली की 'मलिकंबरी' हा शब्द पुढे महसुली कागदांत राहिला. खडकीचं नाव मात्र टिकलं नाही. आधी फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. शहराची नावंही त्याच्या धन्याबरोबर बदलत गेली.

आता शिकाऱ्याची बाजू. बादशहा जहांगीरनं आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख केला की सोबत शिवीही दिली, बहुतेक वेळा त्याच्या रंगावरून. १६१६ च्या सुमारास त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकारानं एक चित्र काढलं. ते आज आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य. समोर भाल्याला खोचलेलं मलिक अंबरचं मुंडकं, त्यावर घुबड, आणि बाण त्या मुंडक्याचा वेध घेतोय.

मोबाईलवर हे चित्र मोठं करून बघा. काम फार देखणं आहे, पण जे दाखवलंय ते कधी घडलंच नाही. जहांगीरच्या हाती अंबर कधी लागला नाही. तो १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला आणि खुलदाबादला आपल्या कबरीत आहे. पुढच्याच वर्षी जहांगीरही गेला. चित्र शिल्लक राहिलं.

शिकाऱ्याचे इतिहासकार किती जवळ होते बघा. गॅझेटियरमध्ये नोंद आहे की अकबराचा इतिहास लिहिणारा अबुल फजल काही काळ जालन्यात मुक्कामाला होता. म्हणजे मुघलांचा सगळ्यात मोठा लेखणीबहाद्दर आमच्या गावापासून तासाभरात बसनं पोचता येईल इतक्या अंतरावर राहून गेला. अंबरच्या पदरी असा कोणी होता म्हणावं, तर त्याची कहाणी आपल्याला कळते ती बहुतेक शत्रूंच्या आणि पाहुण्यांच्या लिहिण्यातून. पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी १६१७ मध्ये त्याला भेटला, त्यानं लिहून ठेवलं. अंबर मेल्यावर मुतमदखान या मुघल इतिहासकारालाही लिहावं लागलं, की युद्धात आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती. जिवंत असताना शिव्या, मेल्यावर शाबासकी. पण लेखणी दोन्ही वेळा शिकाऱ्याच्याच हातात.

याच सुमारास माझी एका इथियोपियाच्या मुलाशी ओळख झाली. आमच्या शहरात परदेशी विद्यार्थी बरेच असतात, हा पीएच.डी. करत होता. झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभं असताना बोलणं सुरू झालं आणि मग चहाच्या टपरीवर रोजचंच झालं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तसं त्यानं सांगितलंय. एवढं सांगतो की त्याच्या देशात आपल्यासारखं आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. मी म्हणालो, आमच्याकडेही मधे वडिलांचं नाव असतंच. तो म्हणाला, "मग तुला कळेल. चापू कुणाचा मुलगा होता, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही."

त्याला मी 'हबशी' या शब्दाचा अर्थ सांगायला लागलो तेव्हा त्यानं हात वर केला. त्याला तो माहीत होता. अल-हबश हे त्याच्याच देशाचं जुनं अरबी नाव. हबशचा तो हबशी, जालन्याचा तो जालनेकर, इतकं साधं. "रस्त्यात पोरं मागून तसं ओरडतात," तो म्हणाला, "शब्द बरोबर आहे. पण पत्ता सांगायला कुणी असं ओरडत नाही."

मला तो आवाज ओळखीचा होता. शाळेत माझं नाव हबशीच पडलं होतं. रंग रापलेला, केस कुरळे, एवढं पुरेसं होतं. एका सरांनी वर्गात हजेरी घेताना त्याच नावानं हाक मारली आणि सगळा वर्ग हसला. घरी आलो तर आजी शेंगा फोडत बसलेली. "काऊन तोंड पाडून बसला?" मी सांगितलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "काळं रान हाय म्हणून कापूस येतो बाबा. पांढऱ्या मातीत काय, भिती उभ्या रहात्यात." गावाकडच्या माणसाला कळेल. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. तिनं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, तिला वाचता येत नव्हतं. ती म्हण होती की तिनं तिथंच बसून केली, ते मला माहीत नाही. पण वर्गातलं हसू त्या संध्याकाळपुरतं तरी थांबलं.

झिंबाब्वेच्या शोना भाषेत एक म्हण आहे : 'चिनोकांगान्वा इदेमो, मुती हाउकांगान्वी'. विसरते ती कुऱ्हाड, झाड विसरत नाही. त्या सरांना ती हजेरी आठवतही नसेल. आपल्या भाषेनंही तसंच केलं. ज्या माणसानं दख्खनचं राज्य मुघलांपुढं पाव शतक तगवून धरलं, ज्याच्या फौजेत मराठे सरदार लढले, त्याच्या देशाचं नाव आपण शिवी म्हणून वापरायला लागलो, आणि ते कधी झालं हेही विसरलो.

मी त्या मित्राला सांगितलं की आमच्या तालुक्यात रोषणगाव म्हणून गाव आहे आणि १६१६ मध्ये तिथे अंबरची मोठी लढाई झाली होती. तो लगेच म्हणाला, जाऊ. एका रविवारी मोटारसायकलवर निघालो. वाटेत त्याला लढाईची गोष्ट सांगितली. अंबरचे काही सरदार फुटून मुघलांना मिळाले, त्यात त्याचे स्वतःचे हबशी सरदारही होते. शाहनवाजखानानं रोषणगावजवळ त्याचा पराभव केला, आणि मग मुघल फौजेनं खडकी गाठून ती जाळली, उद्ध्वस्त केली.

गावाच्या अलीकडे एक म्हातारे शेतकरी बांधावर बसलेले भेटले. राम राम झाला. लढाईबद्दल विचारलं तर म्हणाले, "लढाई? असईची म्हणता का? ती तिकडं भोकरदनला." त्यांचंही बरोबर होतं. भोकरदन तालुक्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. ती लढाई लक्षात राहिली, कारण इंग्रजांनी ती लक्षात ठेवली. त्यांच्या पलटणींनी 'असई' हे नाव आणि हत्तीचं चित्र आपल्या बिल्ल्यावर मिरवलं.

हत्तीचं ऐकून मित्र हसला आणि त्यानं त्या शेतकऱ्याला स्वाहिलीतली म्हण सांगितली. ती त्याची मातृभाषा नव्हे, तोही ती शिकलेलाच. 'वापिगानापो तेम्बो, न्यासी हुउमिया.' हत्ती झुंजले की गवत चिरडतं. मी मराठीत सांगितलं. म्हातारेबुवा जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आपल्यात उलटं म्हणत्यात. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ." थांबून पुन्हा म्हणाले, "पर ती म्हण तिसरा कुणी शहाणा असंल त्याची हाय. गवताची म्हण ह्या पाहुण्याची."

ही गोष्ट मी त्याच्या आधी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. भांडणातून लाभ कुणाला, हे विचारणारी म्हण वेगळी आणि चिरडलं कोण, हे विचारणारी वेगळी. आपल्याकडेही 'सुक्याबरोबर ओलं जळतं' आहेच. १६१६ मध्ये रोषणगावात रानात उभं पीक होतं का, गावकरी कुठे पळाले, खडकी जळली तेव्हा नहरीवर पाणी भरायला आलेल्या बायांचं काय झालं, याच्या नोंदी ना मुघलांनी ठेवल्या ना निजामशाहीनं. असईच्या वेळीही इंग्रजांनी आपले मेलेले-जखमी मोजले. गवत कुणी मोजत नाही. सिंहाची म्हण इथं अपुरी पडते. सिंहाला इतिहासकार मिळाला तरी गवत उरतंच.

परतताना मित्रानं त्याच्या घरची म्हण सांगितली, अम्हारिक भाषेतली : 'दिर बियाबिर, अनबसा यासिर'. कोळ्याची जाळी एकत्र आली तर सिंहही बांधतात. इथला सिंह म्हणजे शिकाऱ्याच्या म्हणीतला बिचारा सिंह नव्हे, हा बलाढ्य सिंह. इथियोपियात ही म्हण १८९६ च्या अडवाच्या लढाईला बरोबर लागू पडते. सम्राट मेनेलिकच्या हाकेला वेगवेगळ्या भागांतले लोक एकत्र आले आणि त्यांनी इटलीच्या फौजेला हरवलं. युरोपीय देशांनी नकाशावर रेघा मारून आफ्रिका वाटून घेतली त्या काळातली ही गोष्ट.

मला मात्र भातवडी आठवली. रोषणगावच्या पराभवानंतर सगळ्यांना वाटलं, अंबर संपला. त्यानं खडकी पुन्हा उभी केली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र येऊन त्याच्यावर चालून आल्या. त्याच्याकडे हबशी होते, दख्खनी मुसलमान होते, मराठे होते, त्यात शहाजीराजे भोसले होते. समोरासमोरची झुंज टाळायची, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, दमवायचं. जाळ्याचं तंत्र. अंबर जिंकला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदानं लिहिलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या लढाईचं वर्णन आहे. म्हणजे सिंहाच्या बाजूनं लिहिणारं कुणीतरी मिळालं ते याच मातीत, पन्नासेक वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच राजाची गोष्ट सांगता सांगता.

मित्र पुढे पीएच.डी. पूर्ण करून अदिस अबाबाला गेला. अधूनमधून फोन होतो. जाताना त्यानं माझ्याकडून एक काम कबूल करून घेतलं. कोणतीही म्हण लिहिली की खाली तीन गोष्टी लिहायच्या : भाषा, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव. त्याच्याकडे तशा दोन वह्या भरलेल्या होत्या, त्याच्या आईच्या आणि आजोळच्या म्हणींच्या. नाव लिहिलं नाही तर म्हणीचंही चापूसारखं होतं, तो म्हणायचा. कुणीतरी घेतो, धुतो, चांगलं वास येणारं नाव ठेवतो आणि पुढे विकतो.

मी वहीऐवजी फोनवरच फाईल केली आहे. त्यात आत्तापर्यंत दोनशे अकरा म्हणी झाल्यात. निम्म्या आजीच्या. ती आता थकली आहे, ऐकू कमी येतं, पण म्हण विचारली की डोळे उघडते. काही शब्द मला समजत नाहीत. औताचे भाग असतात, मापांची नावं असतात, जनावरांचे आजार असतात. ती ओरडून समजावते आणि मी टाईप करतो. काळ्या रानाची म्हण पाचव्या नंबरला आहे. खाली लिहिलंय : मराठी, तालुका बदनापूर, जिल्हा जालना. आणि त्याच्या पुढे आजीचं पूर्ण नाव, मधे तिच्या वडिलांचं. लग्नाआधीचं ते नाव तिला कुणी विचारून बरीच वर्षं झाली होती. सांगताना ती जरा अडखळली, मग दोनदा म्हणाली.